नाशिकमध्ये पोलीस मित्र झाल्याने खरंच काही फरक पडतो का?

पोलीस मित्र म्हणजे पोलिसांना मदत करणारा साधा नागरिक. फरक पडतो, पण तुमच्या बीटचा, म्हणजे पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या तुमच्या भागाचा, अंमलदार कसा आहे त्यावर. नुसतं ओळखपत्र अडकवून विसर्जनाच्या बंदोबस्ताला उभं राहायचं असेल, तर नाही झालात तरी चालेल.

आम्ही सिडकोत राहतो. मध्यंतरी आमच्या गल्लीत रात्री गाड्यांच्या काचा फोडण्याचं सत्र सुरू होतं. बैठक झाली, चहा झाला. पुढच्या खुर्च्यांवर शांतता समितीत दरवेळी दिसणारेच चेहरे, बोललेही तेच. आम्हा बायकांना कुणी विचारलं नाही.

मग एक दिवस बीटचे हवालदार एकटेच आले. सोसायटीच्या अध्यक्षांकडे न जाता कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींशी बोलले, मग आमच्या ओट्यावर बसले. पोरं कुठली, किती वाजता जमतात, सगळं विचारलं. उठून बंद दिव्याच्या खांबाखाली गेले. तिथे बाटल्या, गुटख्याच्या पुड्या. म्हणाले, "ताई, आधी हा दिवा लावून घ्या, गस्तीचं मी बघतो." आम्ही बायकांनी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात खेटे घालून दिवा लावून घेतला. त्यांनी गस्तीची वेळ बदलली, पोरांच्या आयांना घरात बसून समजावलं, चारचौघांत नाव घेतलं नाही. काचा फुटायच्या थांबल्या.

तरी आमचे भाऊजी म्हणतात, "वहिनी, पोलिसांच्या भानगडीत बाईमाणसाने पडू नये." का पडू नये? आपण गप्प बसलो की पुढच्या खुर्चीवरचा माणूस आपल्या नावाने बोलतो. भिवंडी १९८४ च्या दंगलीत होरपळली होती. १९८८ पासून तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या, म्हणजे पोलीस आणि वस्तीतल्या लोकांच्या समित्या, बांधल्या, पुढाऱ्यांऐवजी साधी माणसं घेतली. १९९२-९३ मध्ये शेजारी मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. ती माणसंही घरी हेच ऐकून बाहेर पडली असणार. भाऊजींना हे कितीदा सांगितलं, उत्तर मिळालेलं नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याचं ऐकू नका.

पोलीस मित्राच्या अर्जाचं आपल्या पोलीस ठाण्याच्या गोपनीय विभागात विचारा. खबर देताना नाव गुप्त ठेवायला स्पष्ट सांगा. पोलीस मित्राला पोलिसांचे अधिकार नसतात, त्यामुळे कुणी सापडला तरी हात उचलायचा नाही, ११२ ला फोन करायचा. आणि हवालदारांची बदली होतेच. आमच्याकडेही झाली, नव्या माणसाला गल्ली कळेपर्यंत पुन्हा टोळकं बसायला लागलं होतं. नवा अंमलदार आला की त्याची वाट न बघता आपणच जाऊन भेटा.