रडली नाही तर मुलीला काढतील का?

प्रिय ताई,

माझी मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. गांधर्व महाविद्यालयाच्या 'प्रवेशिका पूर्ण' या गाण्याच्या परीक्षेची तयारी चालू आहे. एका वाहिनीच्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत तिची मुंबईच्या फेरीसाठी निवड झाली. आता त्यांची क्रिएटिव्ह टीम घरी शूटिंगला येणार आहे. २०२० साली ह्यांचे माग बंद पडले तेव्हा मी दोन वर्षं लोकांच्या घरी पोळ्या केल्या. आता आमची खानावळ बरी चालते. पण त्यांना 'आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटते' असंच दाखवायचंय. ते ऐकून मुलीने विचारलं, "आई, मी रडले नाही तर मला काढतील का?" हे म्हणतात, एकदा टीव्हीवर दिसली की सिनेमात गाणार, खानावळ बंद करून मुंबईत खोली घेऊ. करार इंग्रजीत आलाय आणि आठवड्यात सही मागतायत. काय करू?

– एक आई, इचलकरंजी

*

प्रिय ताई,

आधी मुलीला उत्तर द्या, करार नंतर. रडण्याला गुण नसतात. रडणारं मूल पडद्यावर जरा जास्त वेळ दिसतं, हे मात्र खरं, आणि मुलांना ते मोठ्यांच्या आधी कळतं. तिला सांगा, "रडू आलं तर रड, नाही आलं तर नको. कोणी 'थोडं इमोशनल हो' म्हणालं तर सरळ माझ्याकडे यायचं." मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कार्यक्रमात भाग घ्यायला लावता येत नाही, असं नियमातच आहे. त्यामुळे तुम्ही आडव्या आलात तर तो आगाऊपणा ठरत नाही.

आता पोळ्यांचं. घरी येऊन जी दीड-दोन मिनिटांची फिल्म बनवतात तिला 'एव्ही' म्हणतात. ती कशी जुळवतात ते समजलं की निम्मी भीती जाते. कॅमेऱ्यामागून एक मुलगा किंवा मुलगी प्रश्न विचारेल आणि म्हणेल, "प्रश्न उत्तरात घेऊन बोला." कारण त्यांचा आवाज कापायचा असतो. म्हणजे तुमचं प्रत्येक वाक्य सुटं होतं आणि कुठेही चिकटवता येतं. तुम्ही म्हणालात, "तेव्हा परिस्थिती फार वाईट होती. मी लोकांकडे पोळ्या करायचे." यातला 'तेव्हा' उडवला आणि खाली बासरी लावली की काम झालं. म्हणून साल आणि आजची गोष्ट एकाच दमात, एकाच वाक्यात सांगा: "२०२० साली माग बंद पडले म्हणून मी पोळ्या केल्या नि आज त्यातूनच आमची खानावळ उभी आहे." मध्ये थांबू नका. तुम्ही जिथे श्वास घ्याल तिथे एडिटर कात्री लावतो. पुन्हा विचारलं तर हेच वाक्य, याच शब्दांत. तिसऱ्यांदा विचारलं तरी हेच. यजमानांचाही असाच सराव करून घ्या, पुरुष माणसं कॅमेऱ्यासमोर भरकटतात.

ते तुम्हाला शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला उभं करतील. नुसतं 'नाही' म्हणालात तर ओढाताण होईल, कारण शूटिंगला आलेल्या त्या पोराला संध्याकाळपर्यंत चित्रं गोळा करून परत जायचं असतं. त्याला आधीच काहीतरी द्या. पहाटे खानावळीत दोन तवे तापलेत, पिठाची परात भरलीय, मुलगी बाजूला बसून गाण्याचे पलटे घोकतेय, हे दृश्य त्याच्या डोक्यातल्यापेक्षा चांगलं आहे आणि खरंही आहे. शूटिंगच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून ठेवा: 'सध्या आमचा व्यवसाय खानावळ आहे. मी कोणाच्या घरी काम करत नाही. तसं दाखवू नये.' फोनवर दिलेला शब्द पुढे कोणाला आठवत नाही, ही ओळ राहते. पोळ्या केल्यात यात लाज कसली? पण भूतकाळ वर्तमान म्हणून विकू देऊ नका. तो भाग तुमच्या खानावळीचं गिऱ्हाईक पाहणार आहे, मुलीच्या वर्गातल्या मुलीही पाहणार आहेत.

कागदांकडे वळू. मुलांच्या कामाचे नियम बालकामगार कायद्याखाली आहेत आणि २०१७ साली त्यात मनोरंजन क्षेत्रासाठी स्वतंत्र अटी आल्या. जिथे शूटिंग होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते. गोरेगावच्या फिल्मसिटीत असेल तर मुंबई उपनगर, मीरा रोडला असेल तर ठाणे, नायगावला असेल तर पालघर. या परवानगीची प्रत मागा. 'आमच्याकडे सगळं असतं' हे उत्तर पुरेसं नाही. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, लागोपाठ सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. शाळा बुडू नये याची सोय त्यांनी करायची. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा, त्याचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी घ्या.

घोळ होतो तो पाच तासांवर. सकाळी सातला बोलावतात, मेकअप, केस, माइक, मग लाइट बिघडतात, परीक्षक उशिरा येतात, आणि मूल गायला उभं राहतं रात्री नऊला. ते म्हणतात, 'गाणं तर दहाच मिनिटांचं होतं.' तुम्ही गेटमधून आत गेल्याची वेळ वहीत लिहा आणि घड्याळ तिथून मोजा. मुलांची गाणी आधी उरकून परीक्षकांचं बोलणं नंतर चित्रित करता येतं. त्यांना ते जमतं, मागावं लागतं इतकंच.

पैशाचं थोडक्यात. मुलीच्या कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावावर मुदत ठेवीत थेट जमा व्हायला हवेत. खातं आणि तिचं पॅन कार्ड आधीच काढून ठेवा. रोख बक्षीस मिळालं तर त्यातून तीस टक्के कर कापूनच हातात येतं, त्यामुळे जाहीर झालेला आकडा तुमचा समजून काही कबूल करून बसू नका.

करारात तीन ठिकाणी पेन्सिलने खूण करा. अल्पवयीन मुलाचा करार कायद्याने टिकत नाही, म्हणून पालक म्हणून सही तुमची घेतात आणि दंडाचं कलम असेल तर ते तुमच्या अंगावर येतं. ती रक्कम किती, ही पहिली खूण. दुसरी, कार्यक्रम संपल्यावर किती महिने किंवा वर्षं ती दुसरीकडे गाऊ शकत नाही, आणि तिच्या कार्यक्रमांच्या मानधनातून किती टक्के कापणार. इथे दोन सवलती मागा: टक्के फक्त त्यांनी आणलेल्या कामावर, आणि शाळेचे, गावचे, गुरुजींचे कार्यक्रम व परीक्षा बंधनातून बाहेर. तिसरी खूण 'प्रसंगात नाट्यमय बदल करण्याचा अधिकार' अशा अर्थाच्या ओळीवर. तिथे 'कुटुंबाच्या व्यवसायाबद्दल व उत्पन्नाबद्दल चुकीची माहिती दाखवणार नाही' एवढं जोडायला सांगा. 'जगभर, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' हे चित्रणाच्या हक्काचं कलम ते सहसा हलवत नाहीत, त्यावर शक्ती घालवू नका. इचलकरंजीतल्या एखाद्या दिवाणी वकिलाला दोन तास बसवा, त्याची फी या सगळ्यात सर्वांत स्वस्त पडेल. 'उद्याच सही हवी' असा फोन येईल. आठवडा दिलाय ना, मग आठवडा घ्या.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदी हवेतलं नाही. सुनिधी चौहान १९९६ च्या 'मेरी आवाज सुनो'मधून पुढे आली. श्रेया घोषाल 'सा रे ग म'मध्ये गायली आणि २००२ च्या 'देवदास'मध्ये तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पण तेव्हा असे कार्यक्रम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. २००५ मध्ये 'फेम गुरुकुल'मधून अरिजित सिंग जिंकल्याशिवाय बाहेर पडला आणि पुढची काही वर्षं संगीतकारांच्या स्टुडिओत काम करत राहिला, तेव्हा कुठे त्याचं नाव झालं. आपल्या मराठी 'लिटल चॅम्प्स'मध्ये २००९ साली कार्तिकी गायकवाड जिंकली, पण त्या पर्वातली इतर मुलंही घराघरांत पोचली. त्या प्रसिद्धीतून आधी मिळतात ते स्टेजचे कार्यक्रम. त्याच पर्वातली आर्या आंबेकर 'ती सध्या काय करते' या सिनेमामध्ये पडद्यावर दिसली ती २०१७ मध्ये, म्हणजे मध्ये आठेक वर्षं गेली.

सिनेमातल्या गाण्याची वाट वेगळी आहे. संगीतकार आधी नमुन्यापुरता कच्चा आवाज भरायला बोलावतो, एकच गाणं तीन-चार जणांकडून गाऊन घेतो आणि एकाचं ठेवतो. अशा कामाला वेळी-अवेळी स्टुडिओत पोचणारी मोठी माणसं लागतात, अकरा वर्षांची मुलगी नाही. शिवाय आता सिनेमाच या कार्यक्रमांच्या दारात येतो. प्रदर्शनाच्या आठवड्यात नट पाहुणा येतो, मुलं त्याच्याच सिनेमाची गाणी म्हणतात, आणि तो तुमच्या लेकीला जवळ घेऊन 'माझ्या पुढच्या सिनेमात तूच गाणार' म्हणतो. टाळ्या वाजवा, घरी या. त्या वाक्यावर खोलीचं डिपॉझिट भरायचं नसतं. खानावळ चालू ठेवा. शूटिंगच्या दिवसांत मुलीची नि एका पालकाची राहण्या-जेवणाची सोय, प्रवास आणि कपडे कोण देणार हे ईमेलवर विचारून घ्या. तुम्ही दोघी जा, यजमान खानावळ बघतील.

राहिला गळा. टीम हमखास मोठ्यांची गाणी मूळ पट्टीत द्यायला बघते, कारण वरचा सूर लागला की परीक्षक उभे राहतात. मूल तो सूर रिहर्सलला तीनदा, प्रत्यक्ष चित्रीकरणात दोनदा लावतं आणि चौथ्या आठवड्यात आवाज बसतो. गुरुजींकडून आत्ताच लिहून घ्या: तिची पट्टी, आणि सकाळी गळा तापवल्याशिवाय आरामात लागतो तो सर्वांत वरचा सूर. गाण्याचा वरचा सूर त्याच्या एक स्वर खालीच हवा. तो कागद पहिल्याच दिवशी म्युझिक टीमच्या हातात द्या आणि सोबत तिला पाठ असलेली चार गाणी द्या, दोन द्रुत, दोन संथ. ऐनवेळी एखाद्या गाण्याचे हक्क मिळाले नाहीत की रातोरात नवं गाणं माथी मारतात, तेव्हा या चारांतलंच एक निघतं. आवाज दोन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरा राहिला तर शूटिंग थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि अशा वेळी सुट्टी घेतल्यास दंड लागू नये, हे त्या वकिलाकडून करारात आत्ताच घालून घ्या.