संशोधनाचे तक्ते संगणकाला वाचता यावेत म्हणून

प्रश्न: प्रबंधासाठी जमवलेली माहिती एक्सेलच्या तक्त्यांत आहे. इतर संशोधकांच्या संगणकांना ती थेट वापरता यावी, यासाठी काय करावे?

उत्तर: आधी एकत्र जोडलेले चौकोन सुटे करा. रंगांच्या खुणाही काढा. पिवळा म्हणजे शंकास्पद नोंद हे तुम्हाला माहीत असते, पण सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला नुसता मजकूर) करताच रंग नाहीसा होतो. त्या शेऱ्यासाठी वेगळा स्तंभ हवा. एका ओळीत एकच निरीक्षण ठेवा. एकक स्तंभाच्या शीर्षकात लिहा. ‘१२ सेंमी’ हा संगणकासाठी नुसता मजकूर, त्याची सरासरी निघत नाही.

तारखा वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, २०२४-०३-०५ अशा लिहा. फाइलमध्ये अंक मात्र इंग्रजीच ठेवा. एक्सेल जनुकांच्या नावांनाही तारीख समजते. ‘सेप्ट१’चे १ सप्टेंबर होई, म्हणून मानवी जनुकांच्या नामकरण समितीला ते नाव ‘सेप्टिन१’ असे बदलावे लागले. २०२० च्या नियमावलीत हा बदल नोंदवला आहे. असे स्तंभ माहिती भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करा. नंतर केल्यास मूळ नाव परत येत नाही.

फाइल यूटीएफ-८ (सर्व लिपींची अक्षरे साठवणारी संकेतपद्धत) मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतील. लेखकांचे ऑर्किड क्रमांक (संशोधकाची कायमची ओळख, ORCID) आणि संदर्भांचे डीओआय (लेखाची कायमची डिजिटल ओळख, DOI) जरूर द्या. आणि रिकामा चौकोन म्हणजे शून्य की मोजलेच नाही, हे सोबतच्या वर्णन-फाइलमध्ये स्पष्ट लिहा.