पीएच.डी.चे पैसे नेमके कोण देणार?

प्रश्न: गोवा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. झाले. यूजीसी नेटमध्ये ‘फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र’ असा निकाल आला आहे. फेलोशिप मिळेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: या निकालावर पैसे मिळत नाहीत. २०२४पासून नेटच्या निकालाचे तीन गट झाले. दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो तो फक्त जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) गटाला. तुमच्या गुणांना प्रवेशाच्या वेळी ७० टक्के वजन, उरलेले ३० मुलाखतीला, आणि हे गुण एकच वर्ष चालतात.

फर्मागुडीची आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी, झुआरीनगरचं बिट्स यांच्या जाहिराती पाहा. संस्थेचं विद्यावेतन मिळालं तर बदल्यात मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यावी लागतात. स्वखर्चाच्या जागा कुठल्या, ते नीट वाचा. तुमची एम.एस्सी. अभियांत्रिकी विभागाला चालते की भौतिकशास्त्राच्या, हेही पात्रतेच्या ओळीत तपासा. गेट (अभियांत्रिकी-विज्ञानाची पदव्युत्तर पात्रता परीक्षा) जरूर द्या. त्याचा स्कोअर तीन वर्षं चालतो.

प्राध्यापकाच्या प्रकल्पात जेआरएफ (इथे प्रकल्पातलं कनिष्ठ संशोधकाचं पद) म्हणून लागणं हाही मार्ग आहे, पण प्रकल्पातली नेमणूक आणि पीएच.डी.ची नोंदणी या वेगळ्या गोष्टी. प्रकल्प साधारण तीन वर्षांचा, प्रबंधाला चार-पाच लागतात. अर्धा संपलेल्या प्रकल्पावर रुजू होत असाल तर पुढचे पैसे कुठून येणार, ते आधीच ईमेलवर लिहून घ्या. ‘बघू मग’ या तोंडी आश्वासनावर भाडं भरता येत नाही.

प्रश्न: मुलगी पोर्तुगीज पासपोर्टवर नेदरलँड्समध्ये दोन वर्षांचं मास्टर्स पुरं करते आहे. तिथेच मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमधली (युरोपियन युनियनच्या पैशांवरची पीएच.डी. योजना) फोटोनिक्सची, म्हणजे प्रकाशावर आधारित तंत्रज्ञानाची, जागा तिला मिळेल? (एक पालक, म्हापसा)

उत्तर: नेदरलँड्समधली नाही. नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत उमेदवार त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा, अशी अट आहे. अट वास्तव्याची आहे. पासपोर्ट कुठलाही असो, त्याने फरक पडत नाही. त्याच नेटवर्कमधली बेल्जियम किंवा जर्मनीतली जागा मात्र तिला मोकळी आहे.

पगाराचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. योजनेच्या तक्त्यातली रक्कम हा संस्थेचा एकूण खर्च असतो. त्यातून संस्थेचा विम्याचा वाटा आणि मुलीचा कर वजा होतो, शिवाय देशातल्या राहणीच्या खर्चानुसार गुणक लागतो. हातात किती पडणार, हे मुलाखतीतच विचारावं. योजनेचे पैसे साधारण ३६ महिन्यांचे, पीएच.डी. चार वर्षांची असेल तर चौथ्या वर्षाचं काय, हेही.

ब्रिटनचा विचार असेल तर एक फायदा आहे. इलेक्ट्रॉनिक्समधल्या संशोधनासाठी तिथे भारतीय पासपोर्टवाल्यांना अ‍ॅटास मंजुरी (संवेदनशील तंत्रज्ञानाच्या विषयांसाठीची सरकारी सुरक्षा-तपासणी) लागते आणि तिला किमान ३० कामकाजाचे दिवस धरावे लागतात. पोर्तुगीज पासपोर्टला ती लागत नाही.

प्रश्न: प्राध्यापकांना मेल पाठवतो, एकही उत्तर नाही. काय चुकतं? (एक विद्यार्थी, काणकोण)

उत्तर: सीव्ही आणि ‘संशोधनाची आवड आहे’ एवढ्यावर कोण उत्तर देणार? एक पानाचं काम जोडा. फोटोनिक्सचं उदाहरण देतो. मीप हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. २२० नॅनोमीटर जाड, ५०० नॅनोमीटर रुंद सिलिकॉन वेव्हगाइडचा (प्रकाश वाहून नेणारी पट्टी), १० मायक्रोमीटर त्रिज्येचा रिंग रेझोनेटर, म्हणजे त्या पट्टीची बंद कडी, घ्या. १५५० नॅनोमीटरच्या आसपास शेजारच्या दोन रेझोनन्समधलं (कडीत प्रकाश साठून राहतो त्या तरंगलांब्यांमधलं) अंतर आधी हाताने काढा: तरंगलांबीच्या वर्गाला ग्रुप इंडेक्स (प्रकाशाचा स्पंद पट्टीत किती पट मंद चालतो तो आकडा) आणि परीघ यांच्या गुणाकाराने भागा. ग्रुप इंडेक्स ४.२ धरला तर सुमारे ९.१ नॅनोमीटर येतात.

इथे हमखास घोटाळा होतो. मुलं ग्रुप इंडेक्सऐवजी इफेक्टिव्ह इंडेक्स (एकाच तरंगलांबीच्या लहरीसाठीचा तसाच आकडा), म्हणजे २.४च्या आसपासचा आकडा घालतात आणि उत्तर १६ नॅनोमीटरच्या घरात जातं. तरंगलांबी बदलली की इफेक्टिव्ह इंडेक्सही बदलतो, हा बदल ग्रुप इंडेक्समध्ये धरलेला असतो. सिम्युलेशनमध्ये ग्रिड (गणनेची जाळी) जाड ठेवलं तर रेझोनन्स सरकतात, म्हणून रिझोल्यूशन दुप्पट करून दोन्ही आलेख शेजारी छापा.

मग त्या प्राध्यापकांचा अलीकडचा एक शोधनिबंध घ्या, त्यातली एक आकृती निवडा आणि तुमचा आलेख तिच्याशी कुठे जुळत नाही, तेवढंच मेलमध्ये विचारा.