मावळ, खोरे आणि नेर

प्रश्न असा आला आहे: ‘मावळ’ हा शब्द ‘मावळती’वरून आला का? आणि पवन मावळ म्हणायचे, पण मुठे खोरे, असे का?

पुण्याच्या मावळतीला आहे म्हणून मावळ, ही व्युत्पत्ती पुष्कळांच्या तोंडी असते. मला ती पटत नाही. कार्ल्याच्या लेण्यांत सातवाहनकाळचा एक लेख आहे. त्यात भिक्षूंना करजक नावाचे गाव दिल्याची नोंद आहे आणि ते कुठले, तर ‘मामालाहारे’, म्हणजे मामाल आहारातले. आहार हा तेव्हाचा कारभाराचा विभाग. नाशिकच्या लेखांत गोवर्धन आहार येतो, तसाच हा मामाल. लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. प्राकृतातल्या ‘गाम’चे गाव झाले, ‘नाम’चे नाव झाले, ‘फल’चे फळ झाले. त्याच वाटेने मामालचे मावळ होते, ओढाताण करावी लागत नाही. शिवाय मावळतीची दिशा पुण्यात उभे राहून ठरवलेली आहे, आणि सातवाहनांना पुण्यात उभे राहायचे काही कारण नव्हते!

आता मावळ आणि खोरे. सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेकडे निघणाऱ्या डोंगररांगांच्या मधल्या एकेका नदीचा पट्टा म्हणजे एक मावळ. आंध्रेवरून आंदर मावळ, पवनेवरून पवन मावळ, वेळवंडीवरून वेळवंड खोरे. शिवकाळात हा नुसता भूगोल नव्हता, वतनही होते: मुठे खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर, गुंजण मावळात शिळीमकर, हिरडस मावळात बांदल. बाजीप्रभू या बांदलांच्याच पदरी होते. दोन्ही शब्द अदलाबदलीने चालत. मोसे मावळही सापडते आणि मोसे खोरेही. त्यामुळे ‘बारा मावळां’ची यादी प्रत्येक लेखक थोडी वेगळी देतो. त्यावरून भांडू नये.

आज मात्र फरक पाळावा असे मला वाटते. ‘पवना खोरे’ म्हटले की उगमापासून दापोडीला मुळेत मिळेपर्यंतचा सगळा प्रदेश आला, चिंचवडसकट. ‘पवन मावळ’ म्हणजे फक्त वरचा, तुंग-तिकोन्याकडचा भाग. चिंचवडला कुणी मावळात धरत नाही. मावळ तालुकाही जुन्या मावळांपैकी आंदर, नाणे, पवन एवढ्यांपुरताच. बाकीची मुळशी, वेल्हे, भोरकडे गेली.

(‘पैसा खोऱ्याने ओढणे’ यातले खोरे मातीकामाचे. नदीशी त्याचा संबंध नाही.)

जुन्नरकडे याच अर्थी ‘नेर’ येतो: मिननेर, घोडनेर, भीमनेर, भामनेर. मीना, घोड, भीमा, भामा या नद्या, पुढे नेर. पारनेर-संगमनेरातला नेर नगर–नयर असा आला, असे साधारण मानतात. संगमनेर प्रवरा-म्हाळुंगीच्या संगमावरचे गाव आहे, तिथे ते जुळतेही. पण भीमनेर हे काही गाव नव्हे, तो नदीकाठचा सबंध पट्टा आहे. म्हणून प्रत्येक नेर नगरावरून लावू नये. नेरच्या अलीकडे नदीचे नाव दिसले की आधी खोरे शोधावे.