निकालानंतरची दरखास्त

प्रश्न असा आला आहे : आजोबांच्या ट्रंकेत जमिनीच्या दाव्याचे कागद सापडले. १९५० साली निकाल आजोबांच्या बाजूने लागलेला दिसतो. मग १९५२, १९५५ आणि १९५८ अशा तीन ‘दरखास्ती’ कशाच्या? दरखास्त म्हणजे साधा अर्जच ना? समोरच्याने अपील केलं तर ती थांबते का? आणि कागदांवरचं ‘रे. द. नं.’ म्हणजे काय?

मुळात अर्जच. फारसीत ‘दर’ म्हणजे आत (भावाचा किंवा दरवाज्यातला दर नव्हे) आणि ‘ख्वास्तन’ म्हणजे मागणे, इच्छिणे. त्यातला व लिहितात पण उच्चारत नाहीत. हिंदीने तो लिहिण्यात जपला, ‘दरख्वास्त’. मराठीने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. त्यामुळे एक गंमत झाली. दरखास्त आणि बरखास्त ही आपल्याला सख्खी भावंडं वाटतात, पण बरखास्तमधलं ‘खास्तन’ वेगळं, त्याचा अर्थ उठणे. सभा बरखास्त होते म्हणजे ती उठते. फारसी लिपीत हा फरक डोळ्यांना दिसतो, देवनागरीत पुसला गेला.

दिवाणी कोर्टात मात्र हा शब्द आक्रसला. तिथे इतर अर्जांना अर्जच म्हणतात आणि दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची (डिक्रीची, म्हणजे दाव्याच्या निकालात कोर्टाने दिलेल्या हुकुमाची) अंमलबजावणी मागणारा अर्ज. गुजरातच्या कोर्टांतही याच अर्थाने ‘दरखास्त’ चालते, म्हणजे ही जुन्या मुंबई इलाख्याची सवय दिसते. वकिलांच्या तोंडी ‘डिक्री झाली, आता दरखास्त टाका’ हे रोजचं वाक्य आहे.

जिंकलेल्याने पुन्हा अर्ज का करायचा? कारण कोर्ट हुकूमनामा देऊन मोकळं होतं. कब्जा हवा की जप्ती, हे जिंकणाऱ्याने सांगायचं. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २१, नियम ११ मध्ये या अर्जाचा तक्ता ठरवून दिला आहे : दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं, हुकूमनाम्याची तारीख, अपील झालं आहे का, काही रक्कम मिळाली का, आधी दरखास्त केली होती का, आणि शेवटी कोर्टाने नेमकी कशी मदत करावी. तुमच्या कागदांत हा तक्ता असणार. ‘आधीची दरखास्त’ हा रकाना नीट वाचा, आजोबांची निम्मी कहाणी तिथेच सापडेल.

आता तीन दरखास्ती. १९०८च्या मुदत कायद्यात दरखास्तीला सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मुदत होती. रीतसर दरखास्त केली की तिथून पुन्हा ३ वर्षं मिळत. संहितेच्या कलम ४८ने मात्र एकूण १२ वर्षांची हद्द घातली होती. त्यामुळे समोरच्याकडून काही हाती लागो न लागो, हुकूमनामा जिवंत ठेवायला लोक अधूनमधून दरखास्त टाकत. १९५२, १९५५, १९५८ हा ताल त्यामुळेच असावा. १९६३च्या मुदत कायद्याने ही कटकट संपवली, कलम ४८ काढून टाकलं आणि सरळ १२ वर्षं दिली. (कायमच्या मनाई हुकुमाला तर मुदतच नाही.)

अपिलाबद्दलही विचारलं आहे. समोरच्याने नुसतं अपील केलं म्हणून दरखास्त थांबत नाही, त्यासाठी वेगळी स्थगिती मिळवावी लागते. हे आदेश ४१, नियम ५ मध्ये आहे. व्यवहारात काय होतं ते निराळं. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं लंडनमधलं सर्वांत वरचं अपील कोर्ट) १८७२ सालीच म्हणून ठेवलं होतं. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला बजावावं लागलं की दरखास्त ६ महिन्यांत निकाली काढा.

राहता राहिलं ते ‘रे. द. नं.’. ते रेग्युलर दरखास्त नंबर. शब्द स्त्रीलिंगी : ती दरखास्त, त्या दरखास्ती.