आधी पट्टी विचार

प्रिय,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला होता, मी तो सकाळी चहाबरोबर वाचला. मेटल बँडची गायिका सोडून गेली, त्यांनी तुला विचारलंय, नवा अल्बम करायचाय, आणि तुझा प्रश्न चारच शब्दांचा: "ताई, हो म्हणू का?" फोनवर बोलले असते तर मी दहा मिनिटांत "म्हण गं" म्हणून मोकळी झाले असते. म्हणून लिहितेय.

हे संगीत मला तूच ऐकायला लावलंस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ड्रम्सवर कुणी भांड्यांचा रॅक पाडलाय असं वाटलं होतं, ते मी अजून मागे घेतलेलं नाही. पण नाइटविश या मेटल बँडचा 'डार्क पॅशन प्ले' हा अल्बम तू दिलास तो मात्र मी या आठवड्यात हेडफोन लावून चारदा ऐकला. तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

गोष्ट तुला माहीत आहे, तरी क्रमाने सांगते. फिनलंडमधल्या किते या छोट्या गावात 1996 साली हा बँड सुरू झाला. गाणी रचणारा तुओमास होलोपाइनेन, गाणारी तार्या तुरुनेन. ती सिबेलियस अकादमीत शास्त्रीय गायन शिकलेली, म्हणजे ऑपेराचा गळा, आणि त्या गळ्याभोवतीच सगळी रचना. पाच अल्बम झाले. 21 ऑक्टोबर 2005 ला हेलसिंकीच्या हार्टवॉल अरेनात मोठा कार्यक्रम झाला आणि तो संपल्यावर बाकीच्यांनी तिच्या हातात पत्र ठेवलं, की तू आता आमच्यात नाहीस. तेच पत्र जगासाठी जाहीरही केलं. (पत्र लिहून माणसाला काढणाऱ्यांबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही, कागद खराब होईल.)

मग नव्या गायिकेचा शोध. 2006 च्या मार्चमध्ये डेमो, म्हणजे आवाजाचे नमुने, मागवले, दोन हजारांहून जास्त आले. त्यातून निवडली आनेट ओल्झॉन, स्वीडनची, पस्तिशीची. तिचा गळा ऑपेराचा नव्हे, पॉप-रॉकचा. तुझा आहे तसाच, मोकळा आणि छातीतून येणारा. 24 मे 2007 ला तिचं नाव जाहीर झालं आणि सप्टेंबरात अल्बम आला.

आता नीट वाच. त्या अल्बमचे ड्रम्स सप्टेंबर 2006 मध्ये रेकॉर्ड व्हायला लागले होते. डेमो मात्र जानेवारी 2007 पर्यंत घेत होते. गायिका कोण हेच ठरलेलं नसताना गाण्यांचं हाड-मांस तयार होत होतं. सुरुवातीचं 'द पोएट अँड द पेंडुलम' हे जवळजवळ चौदा मिनिटांचं गाणं. त्यात रचनाकार स्वतःच्याच मरणाची कल्पना करतो, साल 2005 असं स्पष्ट उच्चारून. आणि सुरुवातीला जो कोवळा आवाज ऐकू येतो, तो आनेटचा नाही, एका लहान मुलाचा आहे. म्हणजे नवी गायिका दाखवायला काढलेल्या अल्बममध्ये ती आत येते तोवर घरातलं सुतक सुरू झालेलं असतं.

दुसरं गाणं 'बाय बाय ब्यूटिफुल'. ते तार्याला उद्देशून आहे हे तुओमासनेच सांगितलंय. आणि ते गातं कोण? बास गिटार वाजवणारा मार्को हिएताला आणि आनेट, दोघं मिळून. माझं मन इथे अडकलं. मार्को त्या भांडणात होता, त्याने ते गावं. पण आनेट? तिचं नि तार्याचं वाकडं असायचं कारणच नव्हतं. पाचव्या क्रमांकाचं 'मास्टर पॅशन ग्रीड' हे सगळ्यात चिडकं गाणं आहे, तार्याच्या नवऱ्यावर लिहिलेलं, आणि तिथे मार्को एकटाच गातो. ते बरं केलं. पण दुसऱ्या गाण्याचंही तसंच व्हायला हवं होतं. नव्या सुनेच्या तोंडी जुन्या सुनेची उणीदुणी घालू नयेत, एवढं आपल्या आज्यांनाही कळत होतं.

म्हणून पहिला प्रश्न त्यांना हा विचार: नव्या अल्बमची गाणी लिहून झाली आहेत का, आणि त्यातलं एखादं सोडून गेलेल्या गायिकेवर आहे का? असेल तर गोड बोलून ते गिटारवाल्याला गायला सांग. त्यांच्यात काय झालं, कोण चुकलं, हे तालमीच्या खोलीत कुणी सांगायला लागलं तर पाणी प्यायला उठ.

दुसरं, पट्टी, म्हणजे कोणत्या सुराला सा धरून गायचं ते.

माझं एक तुला कधी सांगितलं नाही. तेविसाव्या वर्षी मी एका ऑर्केस्ट्रात अशीच कुणाच्या तरी जागी गेले होते. तिची पट्टी काळी पाच, माझी त्याहून खालची, काळी तीन. कीबोर्डवाल्याला एक बटण दाबायचं होतं. पण चालवणारे म्हणाले, "लोकांच्या कानात तोच सूर बसलाय, तू चढव थोडा." मीही चढवला, कारण नाही म्हणायची लाज वाटली. गणपतीचे दिवस, रस्त्यावरचा मांडव, समोर पेढ्याचं ताट घेऊन बसलेली एक म्हातारी. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात आवाज फाटला. फाटला म्हणजे अक्षरशः, कापड टरकावं तसा. म्हातारीने ताट बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं, ते अजून दिसतं मला. पुढचे आठ दिवस मी पाटीवर लिहून बोलत होते.

तुझ्या बाबतीत तर एक बटण दाबून भागणारही नाही. मेटलमध्ये गिटारची रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा तुकडा, बहुतेक वेळा सगळ्यात जाड तारेवर, ती मोकळी सोडून वाजवतात. पट्टी बदलायची तर तारच उतरवावी लागते, नाहीतर बोटांची सगळी जागा बदलते आणि तो गुरगुराट जातो. त्यामुळे गिटारवाला कुरकुर करणार. करू दे. अर्धा सूर, एक सूर उतरवणं त्यांना जमतं, नव्या तारांचा जाड संच घातला की झालं. त्यांची जुनी सगळी गाणी आधी घरी पेटीवर बसून तपास. प्रत्येक गाण्यात सगळ्यात वरचा सूर कोणता आणि त्यावर किती वेळ थांबायचंय, एवढंच लिही. एकदा स्पर्श करून उतरायचं असेल तर वरचा सूर चालेल. आठ मात्रा ओढायचा असेल आणि मागे दोन गिटार नि व्हायोलिनांचा ताफा असेल, तर त्यावर खूण कर.

ऑपेराचा आवाज या गदारोळात वेगळा उठतो, गिटारांच्या डोक्यावरून जातो. तुझा आणि आनेटचा आवाज गिटार जिथे बसलेली असते तिथेच बसतो. त्यामुळे जागा करून द्यावी लागते, वादकांनी आणि मिक्सिंग करणाऱ्यानेही. 'अमारांथ' ऐक, कडव्यात वादकांनी तिला केवढी मोकळीक दिलीय. 'इव्हा' तर त्याहून शांत. आणि शेवटचं 'मेडोज ऑफ हेवन', त्यात ती कुणाची जागा भरत नाहीये, नुसती गातेय. मला विचारशील तर तो अल्बम तिथे तिचा होतो, तेराव्या गाण्याला. तू एवढी वाट पाहू नकोस. निदान दोन गाणी तुझ्या गळ्यावर बेतून, तुझ्यासमोर बसून रचायला सांग.

लोक काय म्हणतील ते मी लिहीत नाही. तो अल्बम फिनलंडमध्ये आणि जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि तरीही आनेटला वर्षानुवर्षं "ही तार्या नाही" हे ऐकावं लागलं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

तिसरं जरा कोरडं आहे, पण टाळू नकोस. सप्टेंबर 2012 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला आनेट आजारी पडून रुग्णालयात गेली. कार्यक्रम रद्द न करता त्या रात्री सोबतच्या बँडबरोबर आलेल्या दोघी गायिकांना घेऊन गाणी झाली. आपल्याला विचारलं नाही, असं ती नंतर म्हणाली. 1 ऑक्टोबरला ती बँडबाहेर होती आणि त्याच दिवशी सिएटलला नेदरलँड्सची फ्लोर यान्सेन तिच्या जागी गायला उभी राहिली. कोण बरोबर, ते आपण इथे बसून ठरवू नये. पण तू आजारी पडलीस तर कार्यक्रमाचं काय करायचं, हे पहिल्या तालमीआधी बोलून घे आणि मेसेजमध्ये लिहून ठेव. तोंडी "बघू गं" नको. पैशाचंही तसंच: रेकॉर्डिंगचे किती, कार्यक्रमाचे किती, गाण्याचे शब्द तू लिहिलेस तर नाव कुणाचं.

फ्लोरचंही ऐक, कारण तिथे एक धडा वेगळा आहे. 'घोस्ट लव्ह स्कोअर' हे तार्याच्या काळातलं, 2004 च्या 'वन्स'मधलं दहा मिनिटांचं गाणं. हेलसिंकीचं तार्याचं 2005 चं ऐक आणि लगेच 2013 च्या, जर्मनीतल्या वाकेन महोत्सवातलं फ्लोरचं. फ्लोर पहिली काही मिनिटं मूळ चालीशी इमान राखून गाते, फार काही दाखवत नाही. हात उघडते ती शेवटी. जुनं गाणं असंच घ्यायचं. आधी ते लोकांना ओळखू द्यायचं आणि मगच त्यात आपलं काही घालायचं. ख्यालात मी तुला हेच सांगत होते, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस.

रविवारी दहाला ये. त्यांच्या जुन्या गाण्यांची यादी आण, खुणा केलेली. पेटीचा भाता गळतोय, दुरुस्तीवाला आला तर ठीक, नाहीतर कीबोर्डवर बसू. आणि शनिवारी रात्री त्यांच्या तालमीला नुसती "बघायला" गेलीस तर तिथे गाऊ नकोस.

तुझी,
ताई