आफ्टर इफेक्ट्स 2024 ची फाइल 2022 मध्ये कशी उघडायची?

व्हिडिओ इफेक्ट्सच्या या सॉफ्टवेअरमध्ये नव्या आवृत्तीची फाइल जुन्या आवृत्तीत थेट उघडणार नाही. तुमच्याकडे 2022 असेल तर ज्याच्याकडे 2024 आहे त्याच्याकडूनच जुनी प्रत काढून घ्या. फाइल मेनूत 'सेव्ह ॲज'खाली 'सेव्ह अ कॉपी ॲज' आणि पुढे आवृत्ती क्रमांक दिसतो. 2022 म्हणजे 22.एक्स. तो यादीत नसेल तर 23.एक्स निवडा, ती प्रत 2023 मध्ये उघडा आणि तिथून पुन्हा एक पायरी खाली या. एक्स्टेन्शन बदलून काही होत नाही, तो उद्योग करूच नका. मात्र नवी फीचर्स जुन्यात टिकत नाहीत. ट्रॅक मॅट (एका लेयरच्या आकारानुसार दुसऱ्या लेयरचा किती भाग दिसेल ते ठरवणारी सोय) आधी तपासा: 2023 पासून तो कुठल्याही लेयरचा घेता येतो, 2022 मध्ये मात्र लगेच वरच्याच लेयरचा चालतो.